आकृतिबंध शिकवताना ‘पुढे काय?’वर थांबू नका

लाल मणी, पिवळा मणी, लाल मणी, पिवळा मणी. पुढे काय? मूल ‘लाल’ म्हणतं, आपण शाबासकी देतो आणि आकृतिबंध ‘झाला’ म्हणून पुढचं पान उलटतो. आता त्याच मुलासमोर फूल, फूल, पान, फूल, फूल, पान अशी ओळ मांडून बघा. बरीच मुलं पुढे फूल, पान, फूल, पान असं लावत जातात. त्यांनी ओळीतला नियम पाहिलेलाच नसतो. ‘आत्ता ठेवलं त्याहून वेगळं ठेवायचं’ एवढंच त्यांच्या हाती लागलेलं असतं. दोन रंगांच्या ओळीत तेवढ्यावर भागतं आणि म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

हा लेख ३ ते ८ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी, अंगणवाडी-बालवाडीतल्या ताईंसाठी आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी आहे. मुलाला ओळ पुढे नेता येणं हे मधलं ठाणं आहे. ओळीत पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान तुकडा कोणता, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्याला दिसलं पाहिजे. मुलांशी बोलताना मी त्या तुकड्याला ‘डबा’ म्हणते. आगगाडीला एकसारखे डबे जोडत जावेत तशी ही ओळ बनते, आणि हे मुलांना लगेच समजतं. पुढे सगळीकडे हाच शब्द वापरला आहे.

डबा दिसायला लागला की त्याचा उपयोग लगेच होतो. तीन वस्तूंचा डबा चार वेळा आला की १२ वस्तू होतात, म्हणजे पाढ्याची सुरुवात झाली. ‘क का कि की’ यात काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे दिसलं, तर ‘म मा मि मी’ वेगळं पाठ करावं लागत नाही. बाराखडी सुरात म्हणणारी पण सुटं ‘मी’ समोर आल्यावर अडणारी मुलं शिक्षकांना रोज भेटतात. त्यांना पाठांतर कमी पडलेलं नसतं, रचना दिसलेली नसते.

## तयारी : मुलाला बोलावण्याआधी

१. आधी स्वतः बघून घ्या. घरात आणि घराभोवती एक फेरी मारा. खिडकीचे गज, फरशी, पेव्हर ब्लॉक, कंपाउंडची जाळी, जिन्याच्या पायऱ्या, विटांची भिंत, साडीचा काठ, खणाचं कापड, गोधडीचे टाके, कुंडीतल्या रोपांची पानं. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: इथे डबा कोणता? पुन्हा पुन्हा येणारा तुकडा बोटाने दाखवता आला तरच ती जागा यादीत घ्या. मोझॅक फरशीतले खडे, संगमरवरावरच्या रेघा, शिंतोडे उडवल्यासारखं छापलेलं कापड छान दिसतं, पण त्यात डबा नसतो. नक्षी सुंदर आहे म्हणून तिला आकृतिबंध म्हणू नका. मुलाच्या मनात दोन्हींची गल्लत होते आणि ती नंतर सोडवत बसावी लागते.

२. सामान जमवा. वाट्या, चमचे, कपड्यांचे चिमटे, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, शिंपले, बटणं, आइस्क्रीमच्या काड्या, ताजी पानंफुलं. दोन-तीन प्रकारच पुरे, पण प्रत्येक प्रकारच्या १२ ते १५ वस्तू हव्यात. पाच-सहा वस्तूंत ओळ लवकर संपते आणि डबा दिसायच्या आत खेळ आटोपतो.

वस्तू फक्त रंगाने वेगळ्या नकोत, आकारानेही वेगळ्या असू द्या. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त प्रमाणात, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. अशा मुलाला लाल-हिरव्या मण्यांची ओळ दिली आणि ते चुकलं, तर आपण त्याला ‘लक्ष देत नाही’ म्हणून मोकळे होतो. वाटी आणि चमचा यांत ही अडचणच येत नाही.

> सावधान : ३ वर्षांखालचं मूल आसपास असेल तर चिंचोके, बटणं, मणी असं घशात अडकू शकणारं काहीही काढू नका. गुंजा दिसायला मोहक असतात, पण त्यांच्या बिया अत्यंत विषारी असतात. एरंडाच्या बियाही तशाच. कण्हेर आणि धोतरा यांची पानं-फुलं-फळं मुलांच्या हातात देऊ नका. रुईची फुलं दुरूनच बघायची, कारण तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.

३. बसण्याची जागा ठरवा. जमिनीवर बसा. सुतळीचा एक तुकडा आडवा टाका, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात की तुमची डावी बाजू त्याची उजवी होते आणि ओळ कुठून वाचायची याचा गोंधळ उडतो. हे साधं वाटतं, पण वर्गात होणाऱ्या चुकांपैकी कितीतरी एवढ्यावरून होतात.

वेळ दहा मिनिटं. मुलाला अजून हवं असेल तर वाढवा, पण तुम्हाला हवं म्हणून वाढवू नका.

## टप्पा १ : आधी अंगात, मग डोळ्यांत

सामान बाजूला ठेवा. टाळी, टाळी, मांडी. टाळी, टाळी, मांडी. काही न सांगता एका लयीत करत राहा. मूल आपोआप सामील होतं. चार-पाच फेऱ्या झाल्या की तुमचे हात थांबवा आणि त्याला एकट्याला चालू ठेवू द्या.

सुरुवात एकाआड एक अशा जोडीने (टाळी, मांडी) करायला हरकत नाही, पण तिथे रेंगाळू नका. दुसऱ्याच दिवशी टाळी-टाळी-मांडीवर या. मग टाळी-मांडी-मांडी. मग तीन वेगळ्या क्रिया: टाळी-मांडी-चुटकी.

घरी भजन होत असेल तर टाळ हातात द्या. ६-७ वर्षांच्या मुलाला केरवा तालाच्या ८ किंवा दादरा तालाच्या ६ मात्रा बोटांवर मोजून, ठेका पुन्हा पहिल्या मात्रेवर कधी येतो ते पकडायला सांगा. समेवर, म्हणजे त्या पहिल्या मात्रेवर, मान हलली की समजा, डबा कळला.

इथे होणारी चूक : तोंडाने ‘एक, दोन, तीन’ मोजणं. मुलाचं लक्ष आकड्यांकडे जातं आणि लय निसटते. मोजणं नंतर येऊ द्या.

तपासणी : तुम्ही थांबल्यावर मूल दोन पूर्ण फेऱ्या एकट्याने करतं का? करत असेल तर पुढे जा.

## टप्पा २ : एकच जागा, पण नीट

आता बाहेर पडा. एका वेळी एकाच ठिकाणी थांबा. ‘ते बघ, ते बघ, तेही बघ’ असं करत बाग दाखवली तर मूल काहीच बघत नाही. तुमचा प्रश्न एवढाच: “इथे काय पुन्हा पुन्हा येतंय?” आणि मग गप्प राहायचं. उत्तर यायला वेळ लागतो. दहापर्यंत मनात मोजा. मोठ्यांना ही शांतता जड जाते, म्हणून आपण उत्तर सांगून टाकतो आणि मुलाचं काम आपणच करून बसतो.

दोन जागा मी आवर्जून सुचवते.

*गिलावा न केलेली विटांची भिंत.* बांधकामाच्या आत नको, बाहेरच्या एखाद्या कुंपणाजवळ. मुलाला दोन विटांमधल्या उभ्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा आणि बोट सरळ वर न्यायला सांगा. वरच्या थरात बोट सांध्यावर येत नाही, विटेच्या पोटावर येतं. त्याच्या वरच्या थरात पुन्हा सांधा. म्हणजे इथे दोन थर मिळून एक डबा. काही भिंतींत एक थर विटांच्या लांब बाजूचा आणि त्यावरचा आखूड बाजूचा असतो, तिथेही डबा दोन थरांचाच. मूल मोठं असेल तर विचारा, सगळे सांधे एकावर एक आले असते तर? घरी काड्यापेट्या रचून दोन्ही भिंती करून बघू द्या आणि हलकेच ढकलू द्या. सांधे एका रेषेत असलेली भिंत आधी पडते. गवंडी असं का करतो ते सांगावं लागत नाही.

*कुंडीतली पानं.* तुळशीची फांदी जवळून बघा. पानं जोडीने येतात, समोरासमोर. वरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात. शेंड्यावरून खाली बघितलं तर अधिकच्या चिन्हासारखी फुली दिसते. तिसरी जोडी पुन्हा पहिलीच्या दिशेने. आता जास्वंदीकडे या. इथे प्रत्येक पेऱ्यावर एकच पान, एक इकडे तर पुढचं दुसरीकडे. मुलाला दोन्ही फांद्यांवरून बोट फिरवत “जोडी, जोडी, जोडी” आणि “एक, एक, एक” म्हणू द्या. कण्हेर जवळपास असेल तर हात न लावता दुरूनच दाखवा. तिथे एकेका पेऱ्यावर तीन-तीन पानं असतात. ही तीन झाडं ज्याने नीट पाहिली, ते मूल नंतर रस्त्याने जाताना आपणहून सांगायला लागतं की सदाफुली ‘तुळशीसारखी’ आहे. ते समोरासमोरच्या जोड्यांबद्दल बोलत असतं. सदाफुलीच्या पानांचा वास किंवा रंग त्याच्या मनात नसतो, रचना असते, आणि नेमकं तेच आपल्याला हवं आहे.

इथे होणारी चूक : झाडाचं नाव, पानाचं नाव, ‘याला आकृतिबंध म्हणतात’ ही वाक्यं आधी बोलणं. नाव कळलं की मुलाला वाटतं काम संपलं. नाव शेवटी सांगा.

## टप्पा ३ : नक्कल

सुतळीवर वाटी, वाटी, चमचा अशी ओळ मांडा. पूर्ण तीन डबे, म्हणजे नऊ वस्तू. मुलाने खालच्या सुतळीवर अगदी तशीच ओळ लावायची. जमलं की तुमची ओळ रुमालाने झाका आणि पुन्हा लावायला सांगा.

झाकल्यावर काय होतं ते बघा. एकेक वस्तू लक्षात ठेवणारं मूल चौथ्या-पाचव्या वस्तूपाशी अडखळतं. डबा लक्षात ठेवणारं मूल सहज शेवटापर्यंत जातं, कारण त्याला नऊ गोष्टी आठवायच्याच नसतात.

> सावधान : दीड डबा दाखवून प्रश्न विचारू नका. ‘वाटी, वाटी, चमचा, वाटी… पुढे काय?’ याला एक उत्तर नाही. पुढे वाटी येऊ शकते, चमचाही येऊ शकतो. निदान दोन पूर्ण डबे दिसले पाहिजेत, लहान मुलांना तीन. कितीतरी छापील कृतिपत्रिकांत हा दोष असतो आणि शिक्षा मुलाला होते.

## टप्पा ४ : ओळ पुढे नेणं

पहिल्यांदा ओळ पूर्ण डब्यावर थांबवा. ते पक्कं झालं की मुद्दाम डबा अर्धवट सोडा: वाटी, वाटी, चमचा, वाटी, वाटी, चमचा, वाटी. आता मुलाने आधी अर्धा डबा पुरा करायचा आणि मग पुढे जायचं. अवघड पायरी हीच आहे.

इथे तीन चुका ठरलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

शेवटचीच वस्तू पुन्हा पुन्हा ठेवणं (चमचा, चमचा, चमचा): मूल फक्त टोकाकडे बघतं आहे. त्याचं बोट धरून ओळ पहिल्यापासून मोठ्याने वाचा.

एकाआड एक करत जाणं (वाटी, चमचा, वाटी, चमचा): सुरुवातीला सांगितलेली जुनी सवय. टप्पा १ ला परत जा आणि टाळी-टाळी-मांडी करत करत वस्तू ठेवायला लावा. हात चुकत नाहीत, डोळे चुकतात.

अर्धा डबा पुरा न करता पहिल्यापासून सुरू करणं: त्याला डबा माहीत आहे, पण ओळ कुठे थांबली हे पाहिलेलं नाही. ही चांगली चूक आहे, कारण ते मूल पुढच्या टप्प्याच्या दारात आहे. “शेवटचा डबा भरला होता का?” एवढंच विचारा.

वाचताना प्रत्येक डब्यानंतर किंचित थांबा: वाटी-वाटी-चमचा… वाटी-वाटी-चमचा… तो विसावा मुलाच्या कानाला डब्याची हद्द सांगतो. दोन-तीनदा झाल्यावर मात्र सपाट आवाजात वाचा, नाहीतर मूल तुमच्या विसाव्यावर अवलंबून राहतं.

## टप्पा ५ : डबा वेगळा काढणं

बहुतेक घरांत आणि वर्गांत हा टप्पा गाळला जातो. मला विचाराल तर बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण हा टप्पा करा.

ओळ मांडलेली आहे. मुलाला चार-पाच काड्या द्या: “एक डबा संपला की तिथे काडी उभी ठेव.” काड्या ठेवून झाल्या की प्रत्येक दोन काड्यांमधलं सामान सारखंच आहे का, ते त्यालाच तपासू द्या.

मग सगळी ओळ मोडा आणि विचारा: “ही ओळ पुन्हा करायची आहे. बाजारातून एकाच डब्याचं सामान आणायचं आणि तेच परत परत मांडायचं. काय काय आणशील?” मुलाने समोर ठेवलेल्या ढिगाकडे बघा.

ढिगात दोन वाट्या आणि एक चमचा असेल तर झालं.

एक वाटी आणि एक चमचा असेल तर मुलाला वस्तूंचे प्रकार कळले आहेत, डबा नाही. काहीही न बोलता त्याला त्या ढिगातून ओळ करू द्या. वाटी-चमचा-वाटी-चमचा झाल्यावर शेजारची मूळ ओळ दाखवा. फरक त्यालाच दिसतो.

चार वाट्या आणि दोन चमचे असतील तर तेही चूक नाही. त्यातूनही ओळ बनते. “याहून कमी सामानात होईल?” असं विचारा.

तपासणी : “या ओळीतले दोन डबे काढून टाक.” सहा वस्तू बरोबर उचलल्या आणि राहिलेली ओळ तरीही नियमात राहिली, तर टप्पा पार झाला.

इथे होणारी चूक : काड्या तुम्हीच ठेवणं. वेळ वाचतो, पण मग राहतं काय?

## टप्पा ६ : बिघाड शोधा

मुलाने डोळे मिटायचे. तुम्ही ओळीतल्या दोन वस्तूंची अदलाबदल करायची. मग त्याने चूक शोधायची आणि दुरुस्त करायची. पुढच्या वेळी एका वस्तूवर उलटी वाटी झाकून ‘आत काय असेल?’ विचारा.

झाकायची वस्तू ओळीच्या मधली असू द्या, दोन्ही बाजूंनी पुरावा मिळतो. पहिली वस्तू झाकली तर लहान मुलं गोंधळतात. चूक सापडल्यावर “तुला कसं कळलं?” हे विचारायला विसरू नका. ‘इथे दोन वाट्या पाहिजेत, एकच आहे’ असं वाक्य आलं तर त्या वाक्यात पूर्ण नियम आहे. मुलांना हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो. भूमिका बदला, त्याला बिघाड करू द्या आणि तुम्ही शोधा.

## टप्पा ७ : तोच नियम, वेगळं सामान

वाटी-वाटी-चमचा ही ओळ समोर आहे. “हेच टाळ्यांनी कर.” टाळी-टाळी-मांडी. “हेच चिमटा आणि झाकणांनी कर.” चिमटा-चिमटा-झाकण. “हेच उड्यांनी?” “हेच पाटीवर रेघ आणि गोळा काढून?” शेवटी अक्षरांनी: अ अ ब, अ अ ब.

मग उलटा प्रश्न. तीन ओळी मांडा. एकीत बटाटा-बटाटा-कांदा, दुसरीत फूल-फूल-पान, तिसरीत बटाटा-कांदा-बटाटा-कांदा. “यातल्या भावंडांच्या ओळी कोणत्या?” बटाटा आणि कांदा दोन्हींत आहेत म्हणून पहिली-तिसरी निवडणारं मूल अजून वस्तूंकडे बघतं आहे. पहिली-दुसरी निवडणारं मूल नियमाकडे बघतं आहे. बीजगणितात पुढे संख्येच्या जागी अक्षर येतं तेव्हा लागणारी नजर हीच आहे.

> सावधान : दोन गुण एकदम बदलू नका. मोठी लाल वाटी, लहान लाल वाटी, मोठी निळी वाटी अशी ओळ दिली की रंग बघायचा की आकार, हेच मुलाला कळत नाही. ६ वर्षांनंतर, सगळं पक्कं झाल्यावर ही गंमत जरूर करा.

## टप्पा ८ : स्वतःची रचना, खरं काम

दसऱ्याचं किंवा पाडव्याचं तोरण मुलाच्या हाती सोपवा. झेंडूची फुलं, आंब्याची पानं, जाड दोरा. सुई तुम्ही धरा किंवा बोथट मोठी सुई द्या.

आधी मुलाने डबा ठरवायचा आणि तो जमिनीवर मांडून दाखवायचा. समजा त्याने दोन फुलं, एक पान ठरवलं. दाराच्या चौकटीएवढा दोरा मोजा, बांधायला दोन्हीकडे वीतभर जास्त ठेवा. एक डबा ओवून बघा, त्याला दोऱ्यावर किती बोटं जागा लागली? तेवढ्या अंतरावर खुणा करत गेलं की दारभर किती डबे बसतात ते कळतं. आठ डबे बसत असतील तर फुलं किती लागतील? मूल दोन-दोन करत १६ वर येतं, पानं ८. बाजारातून आणलेल्या फुलांत भागेल का, हा प्रश्न मग खराखुरा होतो.

इथे होणारी चूक : मध्येच मुलाने रचना बदलली की आपण ‘चुकलं’ म्हणतो. विचारा, “नवीन डबा आहे का?” हो म्हणालं तर तो डबा पुन्हा आलेला दिसला पाहिजे. विसरलं असेल तर तेच सांगेल. दुसरी चूक म्हणजे मुलाने केलेलं तोरण मागच्या दाराला लावणं. ते पुढच्या दारालाच लावा.

## वाढत जाणाऱ्या रचना : सहा वर्षांनंतर

पुन्हा येणाऱ्या रचना पक्क्या झाल्यावरच इकडे या. इथे डबा तसाच राहत नाही, प्रत्येक वेळी काहीतरी वाढतं. अनेक घरांत नवरात्रात घटावर रोज एक माळ वाढते, १ पासून ९ पर्यंत. हादग्याला पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एक गाणं वाढवत जायची रीत आहे. मुलाला विचारा, पाचव्या दिवशी किती गाणी? आणि आजपर्यंत सगळी मिळून किती झाली? वहीत रोज तेवढे ठिपके एकाखाली एक काढू द्या, पायऱ्यांसारखा उतार दिसतो.

एक नेहमीचा घोळ: १, २, ३ दाखवून पुढे काय विचारलं आणि मूल १, २, ३ म्हणालं, तर ते बरोबर आहे. तुम्ही दाखवलेल्या ओळीत वाढायचं की परत फिरायचं, हे ठरलेलंच नव्हतं. १, २, ३, ४, ५ पर्यंत दाखवा आणि उत्तर वेगळं आलं तरी कारण विचारा. मुलाचा नियम शेवटपर्यंत टिकत असेल तर तो मान्य करा.

भिंतीवरचं कॅलेंडर याच वयाचं सामान आहे. वार डावीकडे एकाखाली एक छापलेले असतील तर एका वाराची ओळ आडवी वाचा, वार वरच्या बाजूला असतील तर उभी. ३, १०, १७, २४: दर वेळी ७ ने वाढ. मग शेजारशेजारचे चार आकडे, दोन वर दोन खाली, असा चौकोन करा, उदाहरणार्थ १०, ११, १७, १८. समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा: १० आणि १८ चे २८, ११ आणि १७ चेही २८. दुसरा चौकोन घ्या, तिथेही दोन्ही बेरजा सारख्याच येतात. का, हे लगेच सांगू नका. दुसरी-तिसरीची मुलं दोन दिवस यावर भांडतात आणि ते भांडण मोलाचं असतं.

ठिपक्यांच्या रांगोळीबद्दल थोडक्यात: पाच ठिपके पाच ओळी यापासून सुरू करा. एक कोपरा तुम्ही काढा, उरलेले तीन मुलाने. ते अडलं तर कागद फिरवू द्या. आरसा वापरणार असाल तर रांगोळीच्या दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत ना, ते आधी पाहून घ्या. स्वस्तिक चारही बाजूंनी फिरवलं तरी तसंच दिसतं, पण आरशात ते उलटं दिसतं.

## पुढच्या टप्प्यावर कधी जायचं

वयावरून ठरवू नका. एक टप्पा दोन वेगळ्या प्रकारच्या सामानावर मदतीशिवाय जमला की पुढे जा. नुसता वाट्यांवर जमला तर अजून थांबा. चार वर्षांचं एखादं मूल टप्पा ७ सहज करतं आणि सहा वर्षांचं टप्पा ४ वर रमतं. अडलेल्या मुलाला तेच पुन्हा मोठ्या आवाजात समजावू नका. एक टप्पा मागे जा, वस्तू बदला, डबा लहान करा. बहुतेक वेळा टाळ्यांवर परत गेलं की गाठ सुटते.

शाळेत कृतिपत्रिका सोडवाव्याच लागत असतील तर एक नियम लावा: रिकामी जागा भरण्याआधी मुलाने पेन्सिलीने पहिल्या डब्याभोवती गोल काढायचा. गोल बरोबर आणि उत्तर चुकलं तर ती घाई आहे. उत्तर बरोबर आणि गोल चुकला तर तो अंदाज आहे, आणि टप्पा ५ राहिला आहे. मोठ्या वर्गात पाच-पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाला झाकणांची एक पिशवी द्या. एका गटाने ओळ करायची आणि शेजारच्या गटाने तीच ओळ वेगळ्या सामानात उतरवायची. वहीत गुणांऐवजी मुलाचं ‘कसं कळलं’ला दिलेलं उत्तर त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात कुठून सुरू करायचं ते त्या ओळीवरून ठरवता येतं.